नऊशे पंधराचा हिवाळा

आज सकाळी एसी बंद केला. इथे आखातात वर्षातून एकदा असा दिवस येतो, आणि तो आल्याचं आधी हाताला कळतं. रिमोट उचलला जातो, बटण दाबलं जातं आणि घरात एकदम शांतता होते. सात-आठ महिने कानाशी अखंड घरघरणारं काहीतरी थांबलेलं असतं. मग खिडकी उघडायची. अल मजाजच्या खाडीवरून किंचित खारट, ओलसर वारा आत येतो. खालच्या कॅफेटेरियातल्या करक चहाचा वास येतो, कुणाच्या तरी बाल्कनीत लावलेल्या उदाचा येतो, फुटपाथवर स्कूटर ढकलणाऱ्या मुलांचा कलकलाट येतो. माझ्या ओळखीतली झाडून सगळी माणसं या दिवसाची वाट पाहतात. मी पाहत नाही.

"थंडीने तुझं काय घोडं मारलंय?" सुधीर विचारतो. सुधीर माझा नवरा. हा प्रश्न विचारताना तो हॉलमधल्या टेबलावर ड्रोनचे पंखे पुसत बसलेला असतो. म्हणजे चोरानेच येऊन विचारावं, बाई कुलूप का लावलंस. इथे ड्रोन उडवण्याचा मोसम म्हणजे थंडी. उन्हाळ्यात वाळवंटात माणूसही उभा राहू शकत नाही आणि बॅटरीही. नोव्हेंबर उजाडला की सुट्टीच्या सकाळी, शहाण्या माणसांनी पांघरूण ओढून घ्यावं अशा वेळी, ही मंडळी गाड्यांच्या डिक्क्या भरून शहराबाहेर पडतात.

मी मुळात भित्री. लहानपणी शाळेत दुसऱ्या कुणाला शिक्षा झाली तरी माझे तळवे ओले व्हायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस युनिफॉर्म घालून येतो आणि अतिशय सभ्यपणे आयडी मागतो. वीसेक वर्षं झाली आम्हाला इथे. या काळात मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही, कधी कुणी अडवलेलं नाही. रस्त्यात पाकीट पडलं तर घरी आणून देणारं हे शहर आहे. तरी अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलण्याआधी मी मनातल्या मनात गेल्या महिन्याभरात काय काय केलं ते तपासून घेते. आपण इथे राहतो ते व्हिसाच्या एका शिक्क्यावर राहतो, ही जाणीव अंगात मुरलेली असते. त्यात इथल्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप. कुणाला बाल्कनीत कपडे वाळत घातले म्हणून दंड, कुणाला गाडी धुळीने माखलेली ठेवली म्हणून दंड, कुणाला काहीतरी फॉरवर्ड केलं म्हणून बोलावणं. खरंखोटं देव जाणे, पण असले मेसेज मी पूर्ण वाचते आणि मग दिवसभर चघळते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सुधीरच्या कंपनीने इथली शाखा बंद केली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरी नोकरी मिळायला वेळ लागणार हे उघड होतं. व्हिसा संपायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. मी करामा भागातल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, नळ्यांवर नावं चिकटवायची, मशीनला घालायच्या. माझी नोकरी शाबूत होती, म्हणून सुधीरचा व्हिसा माझ्या नावावर घेतला. इथे जो दुसऱ्याच्या राहण्याची हमी घेतो त्याला कफील म्हणतात. मित्रमंडळीत थट्टा सुरू झाली. "काय सुधीर, कफीलला विचारून आलास ना?" सगळे हसायचे, सुधीर सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मी हसायचे आणि मला घाम फुटायचा. हमी घेणं म्हणजे काय, हे मला त्या शिक्क्यानंतर नीट कळलं. पुण्यात शिकत असलेली आमची मुलगी सानिका, तिचं सुट्टीत येणं, हे घर, हॉलमधला सोफा, सगळं एका खुंटीला टांगलेलं होतं आणि ती खुंटी मी होते.

ऑगस्टमध्ये सुधीर सोफ्यावर बसायला लागला. म्हणजे तो आधीही बसायचा, पण आता उठायचा नाही. मी सकाळी बस पकडायला निघायचे तेव्हा बसलेला, संध्याकाळी यायचे तेव्हा तसाच, फक्त उशी बदललेली. एक बरं, सकाळचा नाश्ता तो करायला लागला होता. उपमा छान करायचा. बाकी बोलणं जवळजवळ संपलं होतं. मग कुठल्याशा जुन्या मित्राबरोबर तो वाळवंटातल्या एका क्लबच्या मैदानावर गेला आणि परत आला तो वाळूने भरलेले बूट घालूनच हॉलमध्ये. किती तरी दिवसांनी त्याने मला काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी बुटांबद्दल काही बोलले नाही.

इथे ड्रोन म्हणजे खेळणं नव्हे. नोंदणी लागते, परवानगी लागते, आणि उडवायचा तो क्लबच्या कुंपणाच्या आत, तेही सांगितलेल्या उंचीच्या खाली. विमानतळ काही फार लांब नसतात. सुधीरने सगळे कागद रीतसर केले. नियमांची पानंच्या पानं वाचली, मलाही वाचून दाखवली, माझी भीती जावी म्हणून. उलटच झालं. इतके नियम आहेत म्हणजे मोडायलाही तितकेच आहेत, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. पण त्याला थांब म्हणायची माझी छाती झाली नाही. सोफ्यावरचा सुधीर मी पाहिला होता.

ड्रोन त्याने सुटे भाग आणून स्वतः बांधला. महिनाभर घरात डाग देण्याचा, राळेचा वास होता. मग आली टेलिमेट्री. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रिमोट वेगळा असतो, तो वर हुकूम पाठवतो. टेलिमेट्री म्हणजे ड्रोनने खाली कळवलेली खुशाली. बॅटरी इतकी उरली, उंची इतकी, मी इथे आहे, बरा आहे. त्यासाठी काडेपेटीएवढे दोन रेडिओ, एक ड्रोनच्या पोटाला, एक लॅपटॉपला. वरून ठरावीक वेळाने ठोका येत राहतो. ठोके थांबले की काय करायचं हेही आधी शिकवून ठेवता येतं. सुधीरने शिकवलं होतं, की संपर्क तुटला तर गुपचूप घरी परत ये. त्याचं घर म्हणजे जिथून तो उडाला ती जागा. मला हे ऐकून बरं वाटलं होतं आणि लगेच वाटलं, आपला ठोका थांबला तर आपण कुठे परतायचं? पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलेला, सासर-माहेरची घरं वाटणीत गेलेली. असे विचार मी कुणाला सांगत नाही.

आपल्याकडे एक रीत आहे. परदेशातून कुणी यायचं असलं की "येताना काय आणू?" असं त्याने विचारायचं, आणि आपण "काही नको रे" म्हणून मग हळूच एक वस्तू सांगायची. माझा भाचा चिन्मय अमेरिकेतून भारतात जाताना आमच्याकडे थांबणार होता. चिवडा, चकल्या, भाजणी तिकडे जायची, इकडे काहीतरी इलेक्ट्रॉनिक यायचं, हे वर्षानुवर्षांचं देणंघेणं. सुधीरने त्याला टेलिमेट्रीच्या रेडिओंची जोडी सांगितली. ज्यांचे व्हिडिओ पाहून तो शिकत होता ते सगळे अमेरिकन, सगळे त्याच जोडीचं कौतुक करत होते. चिन्मयने ती आणली. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, नऊशे पंधरा मेगाहर्ट्झ. मला तो मॉडेलचा नंबर वाटला.

मग काही दिवस आमच्या घरात एक खेळ चालला. एक रेडिओ बेडरूमच्या खिडकीत, एक हॉलमध्ये. मग एक बाल्कनीत आणि सुधीर लॅपटॉप घेऊन बाहेर लिफ्टपाशी. "पकडतोय, अजून पकडतोय," म्हणत तो कॉरिडॉरमध्ये मागे मागे चालत जायचा. मी बाल्कनीत उभी राहून रेडिओकडे लक्ष ठेवायचे. त्याच्यावर एक हिरवा दिवा असायचा. तो स्थिर राहिला की सगळं ठीक. त्या संध्याकाळी मी फार सुखात होते, हे आठवून मला आजही धस्स होतं. समोर खाडीत कारंजं उडत होतं, खाली लोक फिरत होते, आणि माझ्या हातातली ती काडेपेटी दुसऱ्याच्या जागेत बडबडत होती.

आणि त्याच आठवड्यात आमच्या मजल्यांवर फोन कट व्हायला लागले. सानिकाशी बोलता बोलता आवाज जायचा. समोरच्या दारातली केरळी बाई लिफ्टपाशी जाऊन बोलायची. मग लिफ्टमध्ये सूचना लागली. बिल्डिंगमध्ये मोबाइलच्या सिग्नलमध्ये कशाचा तरी अडथळा येतो आहे, कुणी बूस्टर किंवा दुसरं काही ट्रान्समिट करणारं उपकरण लावलं असेल तर काढून टाकावं, तपासणीसाठी माणसं येणार आहेत. मी ती लिफ्टमध्ये वाचली, आमचा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, आणि मी पुन्हा खाली गेले.

घरात आले तेव्हा सुधीर लॅपटॉपसमोर बसला होता आणि त्याचा चेहरा मला सोफ्यावरच्या दिवसांतला वाटला. त्याने त्याच दुपारी शोधून काढलं होतं. अमेरिकेत नऊशे पंधराचा पट्टा अशा छोट्या यंत्रांसाठी मोकळा सोडलेला आहे. इथे नाही. इथे त्या आसपासची हवा मोबाइल कंपन्यांची आहे.

"मी देश बघायला विसरलो," तो म्हणाला. "कागद सगळे बघितले, हे बघितलं नाही."

"म्हणजे आपल्यामुळे?"

"माहीत नाही. रेडिओ लहान आहे. इतक्या मजल्यांवर परिणाम होईल असं वाटत नाही. पण मला नक्की माहीत नाही."

त्याने दोन्ही रेडिओंच्या वायरी काढल्या. मी ते उचलले, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि कपाटाच्या मागे ठेवले. मग तिथून काढून बॅगेत. मग बॅगेतून काढून स्वयंपाकघरात, रव्याच्या डब्यात, तळाशी, वर रवा. फेकून द्यायचंही मनात आलं होतं, पण मजल्यावरच्या कचरा टाकायच्या शूटपाशी गेले तर वर कॅमेरा दिसला आणि मी पिशवी घेऊन परत आले. कॅमेऱ्यात मी पिशवी घेऊन गेलेली आणि तीच घेऊन परत आलेली दिसले असणार, हे घरात आल्यावर सुचलं. त्यानंतर माझ्या पाचावर धारण बसली ती बसलीच.

त्या दिवसांपर्यंत हवा म्हणजे मला हवा वाटायची. गरम, दमट, धुळीची, फार तर धुक्याची. सुधीरने मला सांगितलं की ती खच्चून भरलेली असते. आपण दोघं खिडकीत उभे आहोत आणि आपल्या आरपार फोन, वायफाय, टॅक्सीचे वायरलेस, विमानं, गाड्यांच्या किल्ल्या, सगळं जात असतं. प्रत्येकाला आपापला पट्टा वाटून दिलेला. कुणी कुठे बोलायचं, किती मोठ्याने बोलायचं, ठरलेलं. त्याने दुसरी फ्रिक्वेन्सी शोधायला घेतली होती. मला वाटलं होतं आता तो हे सगळं सोडेल. तो म्हणाला, "चूक झाली म्हणून सोडायचं नाही. नीट जागा शोधायची."

चारशे तेहतीसचा एक पट्टा होता. कमी ताकदीने वापरायला चालतो असं त्याने वाचलं. पण गाड्यांच्या रिमोट किल्ल्या त्याच पट्ट्यात बोलतात. आपल्या यंत्राने तिथे गोंगाट केला तर पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी उघडणार नाही. "आणि त्यांच्या गोंगाटात आपली खुशाली बुडेल," तो म्हणाला. "गणपतीच्या आरतीत तू शेजारी उभी राहून मला काहीतरी सांगतेस. ऐकू येतं का? तुझा आवाज लहान नसतो, हॉल भरलेला असतो." वायफायच्या पट्ट्यात तर त्याचा रिमोटच होता. मग उरला आठशे पासष्टच्या वरचा एक छोटासा तुकडा. तो भारतातही लहान यंत्रांना मोकळा आहे आणि इथल्या नियमांतही, मर्यादेत राहिलं तर, बसतो. रेडिओ घेण्याआधी तिथे किती गोंगाट आहे ते त्याला ऐकून पाहायचं होतं. त्यासाठी त्याच्याकडे पेनड्राइव्हसारखी एक वस्तू होती, तिला बोटभर अँटेना.

"हा बोलत नाही. फक्त ऐकतो," तो म्हणाला.

"लोकांचं ऐकायचं? इथे?"

"शब्द नाही ऐकू येत गं. गर्दी किती आहे तेवढंच दिसतं."

घरात बसून दिसलं त्यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून आम्ही एका संध्याकाळी खाडीच्या काठावर गेलो. लॅपटॉप माझ्या डब्याच्या पिशवीत, अँटेना कोथिंबिरीच्या जुडीसारखी पिशवीतून बाहेर डोकावणारी. सुधीर बाकावर, पिशवीत डोकं घालून बसलेला. मी त्याच्यासमोर उभी राहून आडोसा करत होते. आजूबाजूला बाबागाड्या, पॉपकॉर्न, फोटो काढणारी जोडपी. प्रत्येक जण आमच्याकडे बघतोय असं मला वाटत होतं, आणि मी अशी उभी होते म्हटल्यावर बघतही असणार. तेवढ्यात सायकलवरून एक पोलीस आला. तो थांबला. पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, यू ओके?" त्याने विचारलं. "युअर हजबंड इज सिक?"

"नो, नो. ही इज… ही इज लुकिंग."

"लुकिंग," तो म्हणाला, मान हलवली आणि पुढे गेला.

सुधीर हसून हसून बेजार झाला. मी घरी येऊन बाथरूममध्ये रडले. तो हसला याचा राग नव्हता आला. तो हसू शकतो आणि मी नाही, याचं रडू आलं होतं. त्याला काही झालं तर मला काय वाटेल हे त्याला कळत नाही, असं मी तेव्हा धरून चालले होते.

डिसेंबरात सानिका सुट्टीला आली. येताना तिने पुण्याहून आठशे पासष्टवाली जोडी आणली. तिच्या बॅगेत लाडवांच्या डब्याखाली ते खोकं बघून मी खाली बसले.

"आई, रिलॅक्स. इट्स लीगल. बाबाने फिफ्टी टाइम्स चेक केलंय."

"आधीचंही लीगलच वाटलं होतं."

"दॅट वॉज अ मिस्टेक. पीपल मेक मिस्टेक्स."

"पीपलचं काय गं," मी म्हटलं. "पीपलला घर असतं जायला."

ती इथेच वाढली, इथल्या शाळेत इथलं राष्ट्रगीत म्हणून. तिला हे गाव आपलं वाटतं आणि तिचाही शिक्का माझ्याच नावावर आहे. मला त्या वाक्याची लाज वाटली, पण ते खरं होतं.

मग धुकं आलं. या दिवसांत ते येतंच. सकाळी फोन किंचाळतो, सावकाश गाडी चालवा म्हणून, आणि खिडकीबाहेर समोरचे टॉवर नसतात, खाडी नसते, पंधरा हातांवरचं काही नसतं. त्या धुक्यात तपासणीची माणसं खाली येऊन उभी असतील, आपल्याला दिसत नाहीत एवढंच, असं मला वाटायचं. क्लिनिकमध्ये नळ्यांवर चिकटवलेली नावं मी दोनदोनदा तपासायचे. करामातल्या भाजीवाल्याकडे ओला हरभरा आला होता, दरवर्षी मी हौसेने घेते. त्या वर्षी समोर उभी राहून न घेता निघून आले. आज आठवलं की वाटतं, एवढीशी गोष्ट. पण भीती ही आपल्याला मोठ्या गोष्टींपासून अडवत नाही, ती तर आपण करतोच. ती हरभऱ्यापासून अडवते.

ते आले एका दुपारी. मी त्या दिवशी सुट्टी घेतली होती, कारण नातूरने, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या रखवालदाराने, आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. रफीक त्याचं नाव. "दीदी, कल चेकिंग है. सब फ्लॅट देखेंगे, टेन्शन नहीं लेना," असं तो सगळ्यांनाच सांगत होता. मी सुधीरला बजावलं होतं. विचारलं तर बूस्टर नाही म्हणायचं. ते खोटं नाही. बाकी काही बोलायचं नाही. तो नुसता ऐकत होता. होही म्हणाला नाही, नाहीही.

तपासणीला आलेला माणूस तिशीचा असेल. पांढरे बूट दाराबाहेर काढून आत आला, रफीक दारातच थांबला. हातात माशाच्या काट्यासारखी एक अँटेना आणि एक यंत्र. त्याने हॉलमधून ती फिरवली, बेडरूममध्ये फिरवली. ड्रोन टेबलावर होता. त्याची नोंदणी सुधीरने दाखवली, त्याने पाहिली आणि परत दिली. मग विचारलं, "एनी बूस्टर, सर? रिपीटर?"

"नो," सुधीर म्हणाला.

माणूस दाराकडे वळला. माझा श्वास सुटायच्या बेतात होता. आणि सुधीर म्हणाला, "वन मिनिट, प्लीज."

तो स्वयंपाकघरात गेला. मला डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. नाश्ता तोच करतो, रवा रोज तोच काढतो, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. तो बाहेर आला तो पिशवी झटकत. हॉलच्या फरशीवर रवा सांडला. त्याने दोन्ही रेडिओ माणसापुढे ठेवले आणि इंग्रजीत सरळ सांगितलं. हे अमेरिकेतून आलं, मी घरात काही दिवस चालवून पाहिलं, इथे चालत नाही हे कळल्यावर बंद केलं. हे माझं आहे.

मी भिंतीला टेकले. मला व्हिसा, घर, सानिका असं काही डोळ्यांपुढे आलं नाही. मला फक्त फरशीवरचा रवा दिसत होता आणि तो झाडून घ्यायला हवा असं वाटत होतं.

माणसाने रेडिओ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "नाइन फिफ्टीन," तो म्हणाला. "हिअर नॉट अलाउड, सर. यू नो?"

"आय नो. नाऊ आय नो."

"आयडी, प्लीज."

मी पर्सकडे वळले. आमच्या घरात आयडी मागितला की हल्ली मीच पुढे होते, कफील म्हणून. पण सुधीरचं कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. घरात असताना तो कधीच कार्ड खिशात ठेवत नाही. त्याने ते पुढे केलं. माणसाने कार्डाचा फोटो घेतला, रेडिओवरच्या लेबलचा घेतला. अँटेना दाराबाहेर नेऊन पुन्हा फिरवली आणि रफीकला वर चला अशी खूण केली.

"डोन्ट ऑन धिस वन," तो बूट घालता घालता म्हणाला. "सेंड बॅक. इफ एनीथिंग, वी कॉल यू. खलास."

वरच्या मजल्यावर बूस्टर सापडला. हे रफीकनेच संध्याकाळी सांगितलं. कुणाच्या तरी घरात फोन लागत नव्हता म्हणून ऑनलाइन मागवून लावलेला, आणि त्यानेच बाकीच्यांचे फोन लागेनासे केले होते. ते कोण, त्यांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. काही दिवसांनी लिफ्टमध्ये वरून येणारं एक कुटुंब दिसेनासं झालं. ते कदाचित सुट्टीवर गेले असतील. कदाचित मोठ्या घरात गेले असतील. मी विचारलं नाही, आणि अजूनही विचारलेलं नाही.

आम्हाला फोन आला नाही. पुढच्या वर्षी शिक्के पुन्हा उठले, त्याच्या पुढच्या वेळीही उठले. सुधीरला छोटीशी नोकरी लागली. आठशे पासष्टवर त्याचा ड्रोन दर हिवाळ्यात कुंपणाच्या आत उडतो आणि खुशाली कळवतो. पण कुठल्या तरी फोनमध्ये तो फोटो आहे. लेबलचा आणि कार्डाचा. एसी बंद झाला, घर शांत झालं की मला तो आठवतो. "इफ एनीथिंग," असं तो म्हणाला होता. एनीथिंग म्हणजे काय काय, याचा विचार मी दर थंडीत करते.

त्या दुपारी माणूस गेल्यावर मी केरसुणी घेतली आणि रवा झाडायला बसले. झाडता झाडता मी सुधीरला वाट्टेल ते बोलले. तुला काय, तुझं काय जातंय, सगळं माझ्या नावावर आहे, तो निघाला होता, दारात पोचला होता, तुझ्या खरेपणाची हौस कुणाच्या जिवावर. लग्नापासून बोलले नव्हते इतकं. तो समोर खुर्चीवर बसून ऐकत होता. मी दमले तेव्हा म्हणाला,

"तो उद्या परत आला असता आणि डब्यात सापडलं असतं, तर कुणाचं झालं असतं ते?"

मी केरसुणी खाली ठेवली.

"घर तुझ्या नावावर. मी तुझ्या नावावर. स्वयंपाकघरात, रव्याखाली लपवून ठेवलेलं. त्यांनी तुला विचारलं असतं, मला नाही. म्हणून आधी माझं करून टाकलं."

त्याच्या कपाळावर घाम होता. खिडकी उघडी होती, बाहेरून चांगला गार वारा येत होता, आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. कार्ड परत खिशात घालायचा तो प्रयत्न करत होता आणि ते खिशात जात नव्हतं. मी कधीपासून या माणसाला बिनधास्त समजत होते.

"किती दिवस ठेवलं होतंस कार्ड खिशात?" मी विचारलं.

"सूचना लागली तेव्हापासून."

"घाबरला होतास?"

"रोज," तो म्हणाला.